माळ्यावरचं सोनं, खाडीकाठचा धूर

मैत्रिणींनो, हे वाचता वाचता मनातल्या मनात आपल्या घराचा माळा जरा उतरवून बघा. बंद पडलेला मिक्सर असेल. मुलाच्या बारावीला घेतलेला कॉम्प्युटर आणि त्याचा पाठीला कुबड आलेला जाडजूड मॉनिटर असेल. एक इस्त्री, दोन रिमोट, सासऱ्यांचा रेडिओ आणि साबुदाण्याच्या पिशवीत बांधून ठेवलेले तीन-चार मोबाइल, चार्जरच्या गुंत्यासकट. घंटागाडीत टाकायला हात धजत नाही आणि भंगारवाला सांगतो तो भाव ऐकून द्यायलाही मन होत नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत आपण दर दिवाळीला ते पुसतो आणि परत वर ठेवतो.

या सगळ्याला ई-कचरा म्हणतात. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी, आता निकामी झालेली कुठलीही वस्तू म्हणजे ई-कचरा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात असा ६ कोटी २० लाख टन कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन कारखान्यापर्यंत पोहोचला. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबात २०२१-२२ साली सुमारे १६ लाख टन ई-कचरा होता. त्यातला सव्वापाच लाख टनांच्या आसपास गोळा झाला. मग उरलेला गेला कुठे? थोडा तुमच्या-माझ्या माळ्यावर आहे. बाकीच्याचं काय होतं, ते मी आमच्या गोराईत पाहिलं.

दोन गोराई आणि एक टेकडी

गोराई म्हटलं की पुष्कळांना खाडीपलीकडचं गाव आठवतं. बोटीने पलीकडे जायचं, समुद्र बघायचा, पॅगोडा बघायचा. पण खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या बाजूलाही गोराई आहे. जागतिक बँकेच्या मदतीने ऐंशीच्या दशकात जी वसाहतींची योजना आली, तिच्यातली आमची म्हाडाची वसाहत. छोटे प्लॉट, छोट्या सोसायट्या, घरं एकमेकांना खेटून. इथे माळा ही चैन नाही, गरज आहे.

या वसाहतीजवळ, खाडीच्या काठाला एक हिरवी टेकडी आहे. नव्या माणसाला वाटतं, छान बाग असेल. ते आमचं जुनं डम्पिंग ग्राउंड. १९७२ पासून तिथे मुंबईचा कचरा पडत होता. २००७ च्या अखेरीला ते बंद झालं, तोवर साडेएकोणीस हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून जास्त कचऱ्याचा ढीग उभा राहिला होता. उंची सरासरी २६ मीटर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढी. रहिवासी वासाने आणि धुराने हैराण होते. लोक कोर्टात गेले, मग महापालिकेने तो ढीग शास्त्रीय पद्धतीने बंद केला. वरून अस्तर घातलं, माती टाकली, गवत लावलं, आतून निघणारा वायू पाइपांनी गोळा करण्याची सोय केली. देशात अशा रीतीने बंद झालेल्या पहिल्या काही कचराभूमींत गोराईचं नाव घेतात.

ते चांगलंच झालं. पण ३५ वर्षांत त्या ढिगात काय काय गेलं असेल, याचा विचार करा. भाजीचे देठ कुजून गेले असतील. ट्यूबलाइटमधला पारा कुजत नाही. टीव्हीच्या काचेतलं शिसं कुजत नाही. जे एकत्र पडलं ते पुन्हा वेगळं काढता येत नाही, वरून झाकता मात्र येतं. म्हणून ई-कचऱ्याचं खरं काम ढिगावर होत नाही, ते घराच्या दारात व्हावं लागतं.

'यात धंदा आहे का गं?'

आमचा बचत गट चौदा जणींचा. मसाले, दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यात पापड-कुरडया हे आमचं नेहमीचं. एका मीटिंगमध्ये एका मैत्रिणीने विषय काढला. तिच्या भाच्याने तिला सांगितलं होतं की मोबाइलमध्ये सोनं असतं आणि मोठमोठे लोक त्यावर कारखाने चालवतात. "यात आपल्याला धंदा आहे का गं? घरोघरी फिरायची तर आपल्याला सवयच आहे," ती म्हणाली. बाकीच्या जणी हसल्या, पण प्रश्न काही खोटा नव्हता. माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं.

सोनं असतं हे अगदी खरं. अमेरिकेच्या भूगर्भ विभागाने २००६ साली मांडलेला हिशेब सांगते. दहा लाख मोबाइलमध्ये १६ टन तांबं, साडेतीनशे किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम निघतं. जपानने तर हे ऑलिम्पिकला करून दाखवलं. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून जवळजवळ ७९ हजार टन जुनी उपकरणं आणि ६२ लाख मोबाइल गोळा केले. त्यातून ३२ किलो सोनं निघालं आणि टोकियो ऑलिम्पिकची सुमारे पाच हजार पदकं या गोळा केलेल्या धातूंतून घडवली.

आता हाच हिशेब आपल्या घरावर लावून बघा. एका मोबाइलमध्ये ०.०३४ ग्रॅम सोनं. दहा ग्रॅमचा तोळा धरला, तर एक तोळ्यासाठी तीनशेच्या आसपास मोबाइल हवेत. तेही घरच्या चिमट्याने निघत नाही, त्याला कारखाना लागतो. आधी यंत्रात माल बारीक करायचा, चुंबकाने लोखंड ओढून घ्यायचं, तांबं-ॲल्युमिनियम वेगळं करायचं आणि बोर्डांतलं सोनं-चांदी भट्टीत किंवा रसायनांनी, बंदिस्त टाक्यांत काढायचं. हे इतकं खर्चाचं आहे, की आपल्याकडचे अनेक कारखाने कित्येक वर्षं बोर्ड वेगळे करून परदेशातल्या मोठ्या भट्ट्यांकडे पाठवत आले. बेल्जियममधल्या होबोकेन गावची भट्टी त्यात नावाजलेली.

थोडक्यात, सोन्याचा नाद चौदा बायकांच्या गटाने धरू नये. पण त्या भट्टीला माल लागतो आणि माल आपल्या माळ्यावर असतो. तो तिथपर्यंत नेण्यात पैसा आहे का, एवढाच आमचा प्रश्न उरला.

धुराचा भाव

कारखान्याचा शोध घेण्याआधी म्हटलं, आता हा माल जातो कुठे ते बघू. आमच्या भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "टीव्ही, कॉम्प्युटर कुर्ल्याकडे, साकीनाक्याकडे. वायर इथंच जाते." इथंच म्हणजे कुठे, ते संध्याकाळी कळलं. खाडीच्या अंगाला, तिवरांच्या आडोशाला एक बाई वायरीचा ढीग पेटवून बसली होती. काळा, घशात उतरणारा धूर. शेजारी शाळेच्या गणवेशातला मुलगा काठीने वायरी उलटत होता.

मी विचारलं, "मावशी, एवढा धूर नाकात जातो, त्रास नाही होत?"

"होतो की. रात्री खोकला येतो. पण ताई, वायर तशीच नेली तर दुकानदार प्लास्टिकचं वजन कापतो आणि वर भावबी पाडतो. जाळून नेली की नुसतं तांबं, रोख पैसे. तुमीच सांगा, धुराकडं बघू का पोराच्या फीकडं बघू?"

मी काय सांगणार? वायरीवरचं प्लास्टिक उघड्यावर जळलं की त्यातून डायऑक्सिनसारखी विषं निघतात, हे मला वाचून माहीत होतं. तिला ते खोकल्यातून माहीत होतं.

आणि ती एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली म्हटलं, की जगात अनौपचारिक कचरा कामात १ कोटी २९ लाख स्त्रिया आहेत आणि ई-कचऱ्याच्या विषारी घटकांचा धोका त्यांना आणि त्यांच्या पोटातल्या बाळांना आहे. चीनमधलं ग्वीयू हे गाव अशाच कामासाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या १६५ लहान मुलांची रक्ततपासणी केली, तेव्हा दर दहातल्या आठ मुलांच्या रक्तात त्या वेळच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसं सापडलं. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. ज्या फीसाठी आई धूर खाते, त्या शाळेत मुलाचं लक्षच लागू नये, याहून वाईट काय असेल?

हा धंदा आजवर का चालला, तेही त्या संध्याकाळी लक्षात आलं. ज्याला भाव आहे तेवढंच काढून घ्यायचं आणि बाकीचं गटारात, खाडीत, हवेत सोडून द्यायचं. फ्रिजमधून कॉम्प्रेसर काढायचा, नळी कापली की गॅस हवेत. जुन्या टीव्हीतलं तांबं काढायचं, पिक्चर ट्यूब फोडून टाकायची. एकेका जुन्या ट्यूबच्या काचेत दोन ते साडेतीन किलो शिसं असतं. बोर्ड ॲसिडमध्ये बुडवायचे, सोनं घ्यायचं, ॲसिड ओतून द्यायचं. नफा खिशात आणि खर्च शेजाऱ्याच्या फुप्फुसात. रीतसर कारखान्याला ती काच, तो गॅस, ते ॲसिड सांभाळावं लागतं, त्याला पैसे पडतात. म्हणून भंगाराच्या बाजारात तो नेहमी कमी भाव देतो आणि माल त्याच्याकडे जात नाही. कागदावर कारखाने आहेत आणि त्यांची यंत्रं मालाची वाट बघतात, असं अनेक वर्षं घडत आलं.

वाईट मालाचा खर्च कोणी द्यायचा?

कायद्याने या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. वस्तू जिने बनवून विकली, त्या कंपनीने. आपल्या देशात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. मग २०१६ चे आले आणि आता १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम लागू आहेत. यादीत शंभरावर वस्तू आहेत, फ्रिज-टीव्हीपासून मुलांच्या बॅटरीच्या खेळण्यांपर्यंत. कंपनीने काही वर्षांपूर्वी जेवढा माल विकला, त्याच्या ठरावीक हिश्श्याएवढ्या ई-कचऱ्याचं पुनर्चक्रीकरण झाल्याचं प्रमाणपत्र तिला दाखवावं लागतं. हा हिस्सा सुरुवातीला ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

हे प्रमाणपत्र नोंदणी झालेला कारखाना तयार करतो आणि कंपनी ते विकत घेते. म्हणजे कारखान्याला दोन उत्पन्नं झाली. एक धातूचं आणि दुसरं नीट काम केल्याचं. हे दुसरं उत्पन्नच वाईट मालाचा खर्च भागवतं. सरकारने त्याचे किमान दरही घालून दिले, घरगुती उपकरणांना किलोमागे २२ रुपये आणि स्मार्टफोनला ३४. २०२५ मध्ये काही बड्या कंपन्या या दरांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आपल्याला वाटेल, मोठ्यांची भांडणं, आपला काय संबंध? पण त्या बावीस रुपयांतूनच कारखाना गोळा करणाऱ्याला भाव देणार आहे. तो दर पडला की खाडीकाठचा धूर वाढला असं समजा.

करून दाखवणाऱ्या

हे सगळं पुस्तकी नाही, आपल्या मराठी मुलखात माणसांनी करून दाखवलेलं आहे. मुंबईत इको रिसायकलिंग ही कंपनी आहे. कार्यालय अंधेरीला, ई-कचऱ्याचा कारखाना वसईला, शेअर बाजारात नोंदलेली. मोठ्या कार्यालयांचा माल उचलायचा, कॉम्प्युटरमधली माहिती पुसून द्यायची, वजनाचे कागद द्यायचे, अशी तिची पद्धत. या धंद्यात भांडवल लागतं, परवाने लागतात आणि धीर लागतो.

आपल्यासारख्यांना जवळचं उदाहरण मात्र दुसरं आहे. 'मुलगी झाली हो' हे नाटक ज्यांनी लिहिलं त्या ज्योती म्हापसेकर आणि त्यांची स्त्री मुक्ती संघटना. संघटना १९७५ ची. १९९८ पासून तिने 'परिसर विकास' नावाने कचरा वेचणाऱ्या बायकांचं काम हाती घेतलं. त्यांना ओळखपत्रं दिली, बचत गट बांधले, त्यांचा 'परिसर भगिनी विकास संघ' उभा केला. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारे प्रकल्प चालवायला शिकवलं, सुक्या कचऱ्याची केंद्रं त्यांच्या हाती दिली. ज्योतीताईंना या कामासाठी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरा वेचकांचीच सहकारी संस्था आहे. पुणे महापालिकेबरोबर तिचा करार २००८ मध्ये झाला. तीन हजारांवर सभासद आहेत आणि त्यात बहुसंख्य बायका. घरोघरचा कचरा तर त्या घेतातच, पण जुनं सामान आणि ई-कचरा गोळा करण्याचा उपक्रमही चालवतात.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. जी बाई आधीपासून कचऱ्यात काम करत होती, तिला बाजूला सारून कोणी नवी माणसं आणली नाहीत. तिलाच ओळखपत्र, हातमोजे आणि हिशेबाची वही दिली. मला वाटतं, हा धंदा टिकण्याचं रहस्य तिथेच आहे. तिला सोडून कारखाना काढला, तर माल तिच्याच रस्त्याने कारखान्याच्या आधी निघून जाईल.

आमचा हिशेब

आता आमच्या गटाची वही उघडते. आकडे समजण्यासाठी गोल केले आहेत. भाव गावाप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलतात, तेव्हा तुम्ही तुमचे घाला.

समजा, एका फेरीत ५०० किलो माल जमला. कारखान्याने सरासरी २० रुपये किलो दिले, तर १०,००० रुपये आले. घरोघरी किलोला ५ रुपये दिले, ते २,५०० गेले. टेम्पोचे ३,५००. दोन बायकांची दोन दिवसांची मजुरी २,४००. गोण्या, हातमोजे, मास्क यांचे ६००. एकूण खर्च ९,००० आणि हाती १,०००.

आता समजा, त्या ५०० किलोंत १०० किलो माल असा निघाला की ज्याला काहीच भाव नाही. पिक्चर ट्यूबा, ट्यूबलाइट, फुटकं प्लास्टिक. उत्पन्न २,००० ने कमी झालं, खर्च तेवढाच. नफा सोडाच, १,००० रुपयांचा तोटा.

इथे मोह होतो. भंगारवाला सांगतो, "ताई, बोर्ड काढून मला द्या, रोख देतो, तोटा भरून निघेल." दिले तर निघेलही. पण मग कारखान्यात पोकळ खोकी जातात, तो वजनकाट्यावरच भाव पाडतो आणि पुढच्या वेळी दारातही उभं करत नाही. शिवाय ते बोर्ड जातात कुठे, ते आपण वर पाहिलंच. मीटिंगमध्ये यावर बरीच वादावादी झाली. शेवटी आम्ही ठरवलं, की आमच्याकडून वस्तू अखंड जाईल. तोटा भरून काढायला दुसऱ्या वाटा शोधायच्या.

त्या वाटा अशा निघाल्या. पहिली, घरगुती मालाबरोबर दुकानं, दवाखाने, शाळा, पतपेढ्या यांचा माल घ्यायचा. कॉम्प्युटर, प्रिंटर, युपीएस असा जड आणि भावाचा माल तिथेच असतो आणि त्यांना वजनाची पावती हवीच असते. दुसरी, घरांना पैसे देण्याऐवजी त्यांच्याकडून तो माल फुकट मागायचा. बायका आनंदाने देतात, फक्त तो नीट जागी जातो याची खात्री त्यांना हवी असते. किलोमागचे पाच रुपये वाचले, की वरच्या हिशेबातला तोटा दीड हजाराचा फायदा होतो. तिसरी, टेम्पो अर्धा भरलेला कधी पाठवायचा नाही.

आणि माल मागायचा कधी, याचं उत्तर आपल्या सणांत आहे. एक दिवाळीची साफसफाई, दुसरं संक्रांतीचं हळदीकुंकू. आम्ही निरोपातच लिहिलं, 'येताना माळ्यावरची एक बंद वस्तू घेऊन या.' हसत हसत बायका आल्या. कोणी इस्त्री आणली, कोणी मोबाइल, एका आजींनी तर नव्वद सालचा टेपरेकॉर्डर पदरात झाकून आणला. वाण म्हणून कापडी पिशवी दिली. तिळगूळ घेता घेता पाऊण गोणी भरली.

आपण काय करायचं, काय नाही

गटाने हे काम घ्यायचं ठरवलं तर काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

आजच्या नियमांत नोंदणी चौघांची होते. वस्तू बनवणारा, ती आपल्या नावाने विकणारा, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्चक्रीकरण करणारा. आपण गोळा करणाऱ्या. वस्तू खोलणं, तोडणं, जाळणं हे आपलं काम नाही आणि घरात तर नाहीच नाही. म्हणून सुरुवात कारखान्यापासून करा. नोंदणी झालेल्यांची नावं केंद्रीय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात. आधी त्याच्याशी लेखी बोलणं करा. कोणता माल घेणार, काय भाव, किमान किती वजनाला गाडी पाठवणार, बिनभावाचा माल घेणार की नाही. 'चांगला माल तेवढा द्या' म्हणणारा कारखाना आपला नव्हे.

बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा त्या वेगळ्या डब्यात ठेवा. फुगलेली मोबाइलची बॅटरी दाबू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका, पेट घेते. ट्यूबलाइट आणि सीएफएल न फोडता, खोक्यात उभे ठेवा. पिक्चर ट्यूब कापडात गुंडाळा. माल कोरड्या जागी, मुलांच्या हाताला न लागेल असा ठेवा आणि साठवून बसू नका. मोबाइल देण्याआधी सिमकार्ड, मेमरी कार्ड काढा, फोटो पुसून टाका.

आणि आधी विचारा, वस्तू खरंच मेली आहे का? आपल्या गावातला मिक्सर दुरुस्त करणारा, टीव्हीवाला मेकॅनिक हा या साखळीतला पहिला मानकरी. जी वस्तू दोनशे रुपयांत आणखी चार वर्षं चालेल, ती भंगारात देण्यात कुठलाही धर्म नाही.

छोट्या गावात एक अडचण मोठी आहे. कारखाना दूर असतो. टेम्पोचं भाडंच सगळं खाऊन टाकतं. त्यावर उपाय म्हणजे एकट्या गटाने न करता तालुक्यातल्या पाच-सहा गटांनी मिळून एक तारीख धरणं, एका जागी माल आणणं आणि एकच मोठी गाडी बोलावणं. दुधाचं संकलन आपण असंच करतो ना?

मावशींचा प्रश्न

खाडीकाठच्या त्या मावशींना आम्ही गटात बोलावलं. त्या बराच वेळ दाराशीच बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमची गाडी आली, माल सगळा कारखान्याला गेला. मग आमी कुठं?"

खोली गप्प झाली. प्रश्न बरोबर होता. धूर बंद करायचा म्हणजे तिची चूल बंद करायची असं झालं, तर तो धंदा तिच्यासाठी टिकाऊ कसा? आमच्यापैकी कोणालाही वायर बघून तांबं किती निघेल हे सांगता येत नाही, तिला येतं. कोणत्या दुकानदाराचा काटा खरा, ते तिला ठाऊक. आता गोळा करायच्या दिवशी काट्यावर त्या बसतात, मजुरी घेतात, पावतीवर वजन त्यांनीच सांगितलेलं लिहिलं जातं. वायर न जाळता तशीच कारखान्याकडे जाते. पण आमच्या फेऱ्या महिन्यातून दोनदा. बाकीच्या दिवसांचं काय? खरं सांगायचं, तर बाकीच्या दिवशी त्या अजून खाडीकाठी जातात. रोजचं काम द्यायचं तर रोजचा माल हवा, रोजच्या मालाला जागा हवी आणि आमच्या दोन खणी घरांत ती नाही.

जागेसाठी कुणाच्या दयेवर अवलंबून राहायला नको. आत्ताच्या नियमांत औद्योगिक वसाहतींमध्ये या कामासाठी जागा राखणं, कामगारांना कौशल्य शिकवणं आणि त्यांच्या आरोग्याकडे बघणं ही राज्य सरकारची जबाबदारी आहे. कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवणं आणि त्याच्या संकलनाची व्यवस्था उभी करायला मदत करणं ही नगरपरिषदा आणि महापालिकांची. आम्ही आमच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला आहे. एक शेड, एक काटा, मावशींसारख्या बायकांना ओळखपत्रं, एवढंच मागितलं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघी जणी विचारायला जातात.

तुमच्या गावातही जाऊन विचारा, 'आपल्या नगरपरिषदेचं ई-कचऱ्याचं केंद्र कुठे आहे, तिथला माल कोणत्या कारखान्याला जातो आणि तिथे काम कोण करतं?' उत्तर तोंडी दिलं तर म्हणावं, 'साहेब, लिहून द्या.' आणि जाताना एकट्या जाऊ नका. जी बाई तुमच्या गल्लीत भंगार गोळा करते, तिलाही बरोबर घ्या.